‘स्त्री २’ : भूत बरोबर ओळखलं, पण ठेवलं मात्र गुहेत

१५ ऑगस्ट २०२४ रोजी ‘स्त्री २’ चित्रपटगृहांत आला आणि पुढचे काही आठवडे सिनेमाच्या गप्पांत दुसरा विषयच नव्हता. देशातल्या कमाईचा आकडा ५०० कोटींच्या पुढे गेला, हिंदी सिनेमाचे आधीचे विक्रम मोडले, गाण्यांच्या रील्सनी मोबाइल भरून गेले. तो धुरळा आता खाली बसला आहे. सिनेमा घरोघरी मोबाइलवर बघून झाला आहे, तिसऱ्या भागाची घोषणाही झाली आहे. या दुसऱ्या भागाला नेमकं काय साधलं आणि तो कुठे घसरला, हे आता नीट बोलता येईल.

आपल्या कार्यकर्त्या मुलामुलींमध्ये या सिनेमाबद्दल दोन मतं हमखास ऐकू येतात. एक मत असं की हा भुताखेतांचा सिनेमा, म्हणजे अंधश्रद्धाच. आपण तो बघायचाच कशाला? दुसरं मत असं की हा पुरुषसत्तेवर घाव घालणारा सिनेमा आहे, प्रत्येकानं बघितलाच पाहिजे. मला दोन्ही मतं अर्धीच पटतात.

पहिल्या मताचं आधी बघू, कारण ते लवकर आटपण्यासारखं आहे. भुताची गोष्ट सांगणं वेगळं आणि भुताचं भय दाखवून माणसाला लुबाडणं, छळणं वेगळं. महाराष्ट्रात २०१३ साली झालेला जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणाऱ्या भोंदूला पकडतो. आजीनं रात्री सांगितलेली हडळीची गोष्ट हा काही गुन्हा नाही. उलट एखादा समाज कशाला घाबरतो हे बघितलं, तर तो समाज कसा चालतो हे कळतं. आपल्याकडचा मुंजाच घ्या. मुंज झालेला मुलगा सोडमुंजीआधी गेला तर तो मुंजा होतो, अशी समजूत. म्हणजे ज्यांच्या घरात मुंज होते, त्यांच्याच घरचं हे भूत. भुतालाही जात सुटत नाही! (जून २०२४ मध्ये आलेला आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा याच ‘स्त्री’च्या मालिकेतला सिनेमा. त्यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं.)

तर प्रश्न ‘भूत असतं का’ हा नाहीच. सिनेमानं कुणाचं भूत केलं आणि त्याचा बंदोबस्त कसा केला, एवढाच प्रश्न आहे.

पहिल्या भागानं काय केलं होतं

‘स्त्री’ ३१ ऑगस्ट २०१८ रोजी आला. दिग्दर्शक अमर कौशिक, लेखक राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. ही जोडी. मूळ कल्पना कर्नाटकातल्या एका वावडीवरून घेतलेली. १९९० च्या दशकात बंगळूर भागात लोक घराच्या दारावर ‘नाळे बा’ असं लिहून ठेवत. कन्नडमध्ये याचा अर्थ ‘उद्या ये’. रात्री चेटकीण दारात येते, ते वाचते, परत जाते. दुसऱ्या रात्री पुन्हा येते, पुन्हा तेच वाचते. बिचारीचा ‘उद्या’ कधी उजाडतच नाही.

सिनेमानं ही गोष्ट मध्य प्रदेशातल्या चंदेरीत नेली. चंदेरी म्हणजे साड्यांचं गाव, त्यामुळे नायक विक्की (राजकुमार राव) हा बायकांचे कपडे शिवणारा शिंपी. उत्सवाच्या रात्री ‘स्त्री’ येते, एकट्या पुरुषाला मागून हाक मारते, तो वळला की नाहीसा होतो. रस्त्यावर उरतात फक्त त्याचे कपडे. भिंतीभिंतीवर लिहिलेलं : ‘ओ स्त्री, कल आना’.

त्या सिनेमाची खरी गंमत उलट्या नियमांत होती. अंधार पडायच्या आत घरी ये, एकटा फिरू नकोस, घरातली बाई सोबत घेऊन जा, मागून कुणी हाक मारली तरी वळू नकोस. आपल्या प्रत्येक बहिणीनं वयात आल्यापासून ऐकलेल्या सूचना इथे गावातल्या बाप्यांना ऐकाव्या लागतात. एकही भाषण नाही, आणि तरी थिएटरमधल्या बायका कशाला हसत होत्या ते बरोबर कळत होतं. त्यात स्त्रीची मागची कथा. ती गणिका होती, तिनं एकावर प्रेम केलं, लग्न केलं, आणि गावानं पहिल्याच रात्री दोघांनाही मारून टाकलं. शेवटी गावाला उपरती होते. गाव तिचा पुतळा उभारतं आणि भिंतीवरचा मजकूर बदलतो : ‘ओ स्त्री, रक्षा करना’.

इथेच दुसऱ्या भागापुढे पेच उभा राहतो. ज्या भुताला घाबरायचं, तीच आता गावाची राखणदार झाली. मग दुसऱ्या भागात भ्यायचं कुणाला?

खून करणाऱ्याचं भूत

नीरेन भट्ट यांनी लिहिलेल्या दुसऱ्या भागानं या प्रश्नाला दिलेलं उत्तर ही सिनेमाची सर्वांत मोठी ताकद आहे. स्त्री गाव सोडून गेली आहे आणि तिच्या जागी ‘सरकटा’ आला आहे. हा मुळातला चंद्रभान. जुन्या काळातला गावचा कारभारी, ज्यानं स्त्रीला आणि तिच्या नवऱ्याला संपवलं. स्त्रीनं भूत होऊन त्याचं शिर उडवलं होतं. ती गेल्यावर तो परत येतो : अजस्र बिनमुंडक्याचं धड, आणि हवेत फिरणारं वेगळं मुंडकं. तो फक्त बायका उचलतो. त्यातही ज्यांच्याबद्दल गाव कुजबुजतं अशा. स्वतःच्या मनानं वागणाऱ्या, प्रेम करणाऱ्या, गावाबाहेरची स्वप्नं बघणाऱ्या.

हे किती वेगळं आहे ते कळण्यासाठी आपल्याकडच्या भुतांची यादी आठवा. हडळ, जखीण, डाकीण. बाळंतपणात गेलेली, विहिरीत ढकललेली, सासरी जाळलेली बाई मेल्यावर भूत होते आणि गाव तिला भितं. जिनं सोसलं तीच भीतीदायक ठरते. जो मारतो, तो म्हातारपणी खाटेवर निवांत मरतो. त्याचं भूत झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही. त्याच्या नावानं उलट देवळात पायरी बसवलेली असते. ‘स्त्री २’ नं हा हिशेब उलटा केला. इथे खून झालेली बाई नव्हे, तर खून करणारा प्रतिष्ठित माणूस झपाटतो. हिंदीतल्या भयपटांत असं फार क्वचित झालं आहे, आणि इतक्या गर्दीच्या सिनेमात तर नाहीच.

बिनमुंडक्याच्या धडाची प्रतिमाही नेमकी आहे. डोकं उडवलं तरी धड चालतंच. १८२९ ला सतीबंदी झाली, १८५६ ला विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला, १९२७ ला महाडला मनुस्मृती जळाली, हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ ला मंत्रिपद सोडलं आणि पुढे ते कायदे तुकड्यातुकड्यानं झाले. कागदावर त्या व्यवस्थेचं मुंडकं कितीदा तरी उडालं. धड मात्र अजून गावात फिरतं आहे. त्याला विचार करायची गरजच नाही, नुसत्या सवयीनं फिरतं. लेखकाच्या डोक्यात हे असेल असं मी म्हणणार नाही. त्याला बहुधा दिसायला भयानक असं काहीतरी हवं होतं. पण चांगली प्रतिमा लेखकाच्या हेतूपेक्षा जास्त बोलते.

बाकीची जमेची बाजू झटपट सांगतो, कारण ती कुणालाही पटेल. रुद्र (पंकज त्रिपाठी), बिट्टू (अपारशक्ती खुराना), जना (अभिषेक बॅनर्जी) आणि विक्की ही चौकडी एकत्र आली की पडदा जिवंत होतो. चौघंही भित्रे आहेत आणि ते लपवत नाहीत. छाती फुगवणाऱ्या नायकांच्या काळात हा मोठाच दिलासा. बोली गावची आहे, विनोद एकमेकांच्या वाक्यावर चढत जातो. मध्यंतराआधीचा भाग घट्ट बांधलेला आहे, आणि भीतीही नुसत्या आवाजाच्या दणक्यानं आणलेली नाही. संध्याकाळच्या रिकाम्या गल्ल्या, मिणमिणते दिवे, दाराआडून बघणारी माणसं यातून ती हळूहळू चढत जाते.

आणि एक काळाचा योग. सिनेमाचे पहिले खेळ १४ ऑगस्टच्या रात्रीच झाले. त्याच रात्री कोलकात्यातल्या डॉक्टर मुलीच्या बलात्कार-हत्येच्या निषेधात पश्चिम बंगालमध्ये हजारो बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. रात्र आमचीही आहे, हीच त्यांची मागणी. २० ऑगस्टला बदलापूरला शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराविरोधात लोकांनी रेल्वे रोखून धरली. थिएटरात तेव्हा सरकटा चालू होता. सिनेमा काही त्या घटनांवर बनलेला नव्हता, पण त्या आठवड्यात तो बघणाऱ्या मुलीला ही नुसती करमणूक वाटली नसणार.

मुंडण आणि पांढरी साडी

ज्या दृश्यावर मला थांबून लिहायचं आहे ते गुहेतलं. सरकट्यानं पळवलेल्या बायका जमिनीखाली, लाव्ह्याच्या उजेडात उभ्या आहेत. सगळ्यांच्या डोक्याचं मुंडण केलेलं, सगळ्यांच्या अंगावर पांढरं वस्त्र. डोळ्यांत ओळख नाही. बिट्टूची मैत्रीण चिट्टी (अन्या सिंग) त्यातलीच एक. कालपर्यंत हसणारी, मोबाइलवर बोलणारी मुलगी आज कुठली हे कळू नये अशी. सिनेमातली ही सर्वांत भयंकर चौकट आहे, आणि ती एक थेंबही रक्त न दाखवता भयंकर आहे.

ही चौकट कल्पनेतून आलेली नाही. उत्तरेत विधवेला पांढरी साडी, आपल्याकडे केशवपन केलेल्या ‘सोवळ्या’ बाईला लाल आलवण. रंग वेगळा, अर्थ एकच. केस काढले की बाईपण काढलं, बाईपण काढलं की ती घराच्या कोपऱ्यात विनापगाराची राबणारी झाली. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ मधल्या यमूच्या वाट्याला हेच येतं. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच घरांतल्या फसवलेल्या विधवांसाठी. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, तीही एका ब्राह्मण विधवेला बालहत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर, अख्खा समाज बाईलाच दोष देतो हे बघून संतापानं. सिनेमाच्या नावात ‘स्त्री’ आहे. ताराबाईंच्या पुस्तकाच्या नावातही. दोघांमध्ये जवळपास दीडशे वर्षं गेली.

आता यातली एक गोष्ट आपल्याच वाचकाच्या लक्षात येईल. मुंडण आणि पांढरं वस्त्र या दोन्ही गोष्टी आपल्या डोळ्यांना वेगळ्या अर्थानं सवयीच्या आहेत. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात निघालेली आई बघून आपल्याला भीती वाटत नाही. मुंडण केलेली भिक्खुणी बघून आपण हात जोडतो. थेरीगाथेतली विमला थेरी तर आधीची गणिका. नटूनथटून दारात उभं राहण्याचे आपले दिवस आणि आता मुंडण करून, चीवर घेऊन, भिक्षा आणून झाडाखाली शांत बसणं, असे दोन काळ ती स्वतःच समोरासमोर ठेवते. आम्रपाली, अड्ढकासी याही त्याच वाटेनं संघात आलेल्या. म्हणजे वस्तरा तोच, कापड तेच. एका ठिकाणी बाईचं नाव पुसलं जातं. दुसऱ्या ठिकाणी ती आपल्या नावानं गाथा बोलते, आणि ती गाथा टिकते.

फरक कुठे पडला? निर्णय कुणाचा, यात. सिनेमाला हे अर्धं माहीत आहे. जबरदस्तीनं केस काढणं म्हणजे काय, हे तो एका चौकटीत दाखवतो. पण गणिका असलेली स्त्री स्वतःच्या निर्णयानं काय झाली असती, ही शक्यता त्याला सुचत नाही. त्याच्याकडे तिच्यासाठी दोनच जागा आहेत : आधी भूत, मग देवी.

मोहिनी कुणी घातली?

इथून सिनेमाची दुबळी बाजू सुरू होते. आणि ती तांत्रिक नाही.

उत्तरार्धात सरकटा गावातल्या पुरुषांना वश करतो. त्यांचे डोळे बदलतात, आवाज बदलतो, ते घरातल्या बायकांना कोंडायला लागतात. प्रसंग म्हणून हे चांगलं जमलं आहे. कालचा चांगला शेजारी, भाऊ, नवरा एका रात्रीत सरकट्याच्या भाषेत बोलायला लागतो, तेव्हा खरोखर पोटात गोळा येतो. पण जरा विचार केला की कळतं, या मोहिनीनं गावातल्या प्रत्येक पुरुषाला निर्दोष ठरवलं. त्यांनी जे केलं ते त्यांनी केलंच नाही, सरकट्यानं करवलं. तो संपला की मोहिनी उतरते, सगळे पुन्हा चांगले, कुणी कुणाची माफी मागायची गरज नाही.

वास्तवात मुलीचं कॉलेज बंद करणाऱ्या बापाला कुणी वश केलेलं नसतं. जातीबाहेर प्रेम केलं म्हणून बहिणीवर कोयता उचलणाऱ्या भावाचे डोळे पांढरे झालेले नसतात. तो शुद्धीवर असतो, शांत असतो, आणि बहुतेक वेळा त्याला आपलं बरोबरच वाटत असतं. आपल्याकडचा सरकटा बाहेरून येत नाही. तो रोज सकाळी आपल्याच घरात दाढी करतो.

केशवपनाचंच उदाहरण पुन्हा घेतो, कारण त्यातून हे स्वच्छ दिसतं. बाईचे केस काढायला एक राक्षस पुरत नव्हता. सासरा लागत होता, शास्त्र सांगणारा लागत होता, तोंड फिरवून बसणारी आई लागत होती आणि शेवटी वस्तरा धरणारा हात लागत होता. साखळी होती. म्हणूनच ती तोडताही आली. १८९० च्या सुमारास सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत नाभिकांना संघटित केलं आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. एका दुव्यानं नकार दिला. कुणाला गुहेत जाऊन कुणाचं डोकं फोडावं लागलं नाही. ‘स्त्री २’ मध्ये असा नकार देणारा एकही पुरुष नाही, कारण मोहिनीखालच्या माणसाला नकार देण्याची सोयच नसते. वस्तऱ्याचा सगळा दोष एकट्या सरकट्याच्या माथी, आणि त्याला तर माथाच नाही.

दुसरी गोष्ट गुहेतल्या बायकांची. सिनेमा त्यांच्यासाठी चालू आहे असं म्हणतो, पण त्यांना बोलू देत नाही. गुहेत त्या नुसत्या उभ्या असतात, वाट बघत. श्रद्धा कपूरच्या पात्राला तर नावही नाही; पहिल्या भागापासून ते गुपित म्हणून जपलेलं, आणि शेवटी ती विक्कीच्या कानात नाव सांगते तेव्हा आपल्याला ऐकू येत नाही. गुपित म्हणून मजा आहे. पण ती स्त्रीचीच मुलगी असल्याचं कळतं, तेव्हा आईचा खून झालेल्या मुलीला काय वाटतं याचा एकही सलग प्रसंग नसावा? शमा (तमन्ना भाटिया) येते, नाचते, आणि त्याच कार्यक्रमात सरकटा तिला उचलून नेतो. कॅमेरा आधी तिला ज्या नजरेनं बघतो आणि मग तिच्या पळवून नेण्याचा ज्या तऱ्हेनं निषेध करतो, त्या दोन नजरांचं एकमेकींशी भांडण आहे. सिनेमाला ते जाणवलेलं दिसत नाही. गाणं हिट झालं, विषय संपला.

तिसरी गोष्ट शेवटाची. गुहेत शिरायचं तर अर्धा पुरुष, अर्धी स्त्री असं एकरूप व्हावं लागतं, अशी युक्ती काढली आहे. विक्की आणि ती अनामिक मुलगी मिळून अर्धनारीश्वर होतात. कल्पना दिसायला देखणी आहे. पण तिचा अर्थ काय निघतो? एकटी बाई तिथे पोचू शकत नाही. थेरीगाथेतल्या सोमा थेरीला मार नेमकं हेच ऐकवतो, की दोन बोटांच्या बुद्धीच्या बाईला ते ठिकाण मिळायचं नाही. मन एकाग्र झालं, ज्ञान उगवलं, तर बाईपणानं काय अडतं, असं ती त्याला सुनावते. आणि तिनं आपल्याला ओळखलं हे कळताच मार खट्टू होऊन निघून जातो. भिक्खुणींच्या गोष्टींत तो असाच हरतो, ओळखला गेला की संपला. चंदेरीत सरकट्याला ओळखून झाल्यावरही वेणी, लांडगा, लाव्हा आणि अखेर खुद्द स्त्रीचं आगमन एवढं सगळं लागतं.

लांडग्यावरून आठवलं. हा सिनेमा एकटा नाही. ‘भेडिया’, ‘मुंज्या’ अशी एकमेकांत गुंतलेली मालिका निर्मात्यांनी उभी केली आहे. त्यामुळे शेवटच्या हाणामारीत वरुण धवनचा भेडिया धावून येतो आणि थिएटरात शिट्ट्या पडतात. चंद्रभानचा वंशज म्हणून अक्षय कुमार मध्येच भेटतो, आणि नामावली चालू असताना सरकट्याची शक्ती त्याच्यात शिरते, म्हणजे पुढच्या भागाची सोय. या पाहुण्यांमुळे उत्तरार्ध पसरट झाला आहे. गोष्टीला शेवट हवा होता, निर्मात्यांना दरवाजा उघडा हवा होता. संगणकावर केलेली लाव्ह्याची लढाई लांबते, आणि पूर्वार्धात गल्लीतल्या अंधारानं जी भीती दिली होती ती गुहेतल्या भगभगीत उजेडात विरून जाते. उत्तरार्धात सिनेमाला मोठं व्हायचं आहे, आणि त्या नादात तो चंदेरी विसरतो.

जातीबद्दल तर बोलायलाच नको. गणिका कुठून येतात, गावकारभारी कोणत्या घरचा असतो, कुणाच्या मुली पळवल्या गेल्या तर गाव उठतं आणि कुणाच्या गेल्या तर उठत नाही, यातलं काहीही चंदेरीच्या वेशीतून आत येत नाही. हातमागाच्या गावात विणकरही दिसत नाही. हिंदी करमणुकीकडून ती अपेक्षा करावी का, असं कुणी विचारेल. ज्या सिनेमानं पुरुषसत्तेला गावकारभाऱ्याचा चेहरा देण्याची हिंमत केली, त्याच्याकडून मी ती करतो.

एवढं सगळं लिहूनही, युवक मंडळात कुणी विचारलं तर हा सिनेमा लावून त्यावर चर्चा ठेवा असंच मी सांगेन. पण मध्येच थांबवा. मुलांना विचारा, की वश झालेले पुरुष जे बोलतात, त्यातलं कोणतं वाक्य तुम्ही घरात, कट्ट्यावर, गटाच्या बैठकीत ऐकलं आहे? कोण बोललं होतं, नाव सांगा. मुलींना आधी बोलू द्या आणि मुलांनी मध्ये तोंड घालू नये. मग उरलेला सिनेमा बघा. उत्तरार्ध पोकळ का वाटतो, हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

तिसरा भाग १३ ऑगस्ट २०२७ रोजी येईल असं निर्मात्यांनी जाहीर केलं आहे. तोवर चिट्टीला गुहेतून सुटून तीन वर्षं झालेली असतील, केस खांद्याखाली आले असतील. नवा राक्षस कोण आणि पाहुणा कोण, याची मला फारशी उत्सुकता नाही. चंदेरीच्या एखाद्या ओट्यावर बसून चिट्टीनं गुहेतलं सगळं सांगावं, न घाईनं, दहा मिनिटं. आणि ज्यांनी त्या दिवसांत आपापल्या घरच्या बायकांना कोंडून ठेवलं होतं, त्यांनी समोर बसून ते ऐकावं, एवढा एक प्रसंग मला बघायचा आहे.